चावीतली रिकामी खाच : कोठ्यातली गाडी सुरू करायच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

दहावीच्या पोरांना मी वर्षभर सांगत असते की प्रयोगवही म्हणजे निबंध नव्हे. काय केलं ते लिहा, काय दिसलं ते लिहा, आणि तुम्हाला काय वाटलं ते खाली वेगळं लिहा. आज स्वतःसाठी वही काढली. प्रयोगाचं नाव : मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, गाडी.

गाडी २०१४ ची, पेट्रोलवरची, एमएच-३२. भाऊबीजेच्या दिवशी, म्हणजे ३ नोव्हेंबरला, नणंदबाईंना आर्वीला सोडून आली आणि कोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. पुढच्याच आठवड्यात मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवणं सुटलं. कोठ्यात आता ढोरं नाहीत, कापूस आहे. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये, पण मामाजींचं म्हणणं ‘थांबा, अजून चढते’. त्यामुळे घरातल्या दोन खोल्या भरून उरलेला कापूस गाडीच्या तिन्ही बाजूंनी लागला आहे. समोरून फक्त दिवे आणि नंबर दिसतो.

मला गाडी हवी, कारण शाळा १४ किलोमीटर लांब आणि सकाळच्या शाळेची एसटी स्वतःच्या मर्जीची मालकीण. शिकाऊ परवाना जानेवारीतच काढून ठेवला आहे.

चावी एकच. दुसरी दोन उन्हाळ्यांपूर्वी एका लग्नात हरवली. त्या लग्नात आमचे एक ताट आणि एक काकाजीही हरवले होते, पैकी काकाजी सापडले.

आजचं निरीक्षण : चावीचं बटण दाबलं, काही नाही. चावी घालून दार उघडलं, उघडलं. आतला दिवा लागला नाही. शाळेतून आणलेला मल्टिमीटर बॅटरीला लावला : १०.९ व्होल्ट. बरी बॅटरी नुसती उभी असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली की ती उतरलेली समजायची.

कशी उतरली याचा हिशेब मागच्या पानावर केला. बंद गाडीतही घड्याळ, बटणाचा संदेश ऐकणारा रिसीव्हर, कॉम्प्युटरची आठवण असं काहीबाही जागं असतं. हे सगळं मिळून ३० मिलिॲम्पिअर धरलं तर दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-तास. बॅटरी ३५ ची. म्हणजे पूर्ण भरलेली असती तरी ४८ दिवसांत रिकामी. आमची ९१ दिवस उभी होती. बिचारीने बरंच तगलं म्हणायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी शेजारचे भाऊ ट्रॅक्टर घेऊन कोठ्याच्या दारात हजर. हातात वायरी. “वहिनी, दोन मिनटाचं काम आहे. ट्रॅक्टरची बॅटरी जोडतो न चालू करून देतो.”

मी नाही म्हटलं, आणि ते त्यांना लागलं. कारण सांगितलं तेव्हा थोडं कमी लागलं. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. वायर लावताना किंवा काढताना ठिणगी उडतेच. उघड्या अंगणात ती विझून जाते, इथे तिन्ही बाजूंना सरकीसकट कापूस. शिवाय बंद कोठ्यात इंजिन चालू ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं होतं, मग झोप आल्यासारखं, आणि त्या झोपेतून उठवायला कोणी नसलं तर संपलं.

मग सहा पोट्टे बोलावून आधी कापूस सरकवला, गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत अंगणात आणली. भाऊंना म्हटलं, आता जोडा हवी तर. तर ते म्हणाले, “आता काय, तुमचीच बॅटरी चार्ज करून आणा.” रुसवा पुरता गेला नव्हता.

बॅटरी काढताना आधी काळी वायर. लाल आधी सोडायला गेलं आणि पान्हा चुकून बॉडीला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं. बसवताना उलट, लाल आधी.

अंगणात बॉनेट पूर्ण उघडलं तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. इंजिनावर, एक्झॉस्टच्या पत्र्याला लागून, उंदराने घर केलं होतं. आमचाच कापूस, तुरीचा भुसा, आणि मधोमध गुंडाळलेला पतसंस्थेच्या कॅलेंडरचा एक तुकडा. ‘दत्त जयंती’ एवढं वाचता येत होतं. हे न बघता गाडी सुरू केली असती तर गरम पत्र्यावर तो कापूस किती वेळ शांत बसला असता? भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण वायरी गुंडाळून ठेवल्या.

घर साफ केलं. पिल्लं नव्हती. एक बारीक वायर कुरतडलेली दिसली, बहुतेक हॉर्नची.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॅटरी तालुक्याला रात्रभर हळू चार्जिंगला लावली होती. १०० रुपये. घरी आणून दोन तास तशीच ठेवून मग मोजली : १२.५. चालेल.

बसवली, बटण दाबलं, आणि चारी दारांची खट्ट झाली. अंगणात टाळ्या. छकुलीने बटण मागून घेतलं आणि अकरा वेळा खट्ट केलं.

मग मामाजींनी मला शेजारी बसवून (डोळ्यावर अजून तो काळा चष्मा) चावी फिरवली. इंजिन फिरलं, चांगलं जोरात फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा मी त्यांचा हात धरला. स्टार्टर मोटर थोड्या वेळाच्या कामासाठी बनलेली असते. पाच-सात सेकंद फिरवायची, सोडायची, निदान अर्धा मिनिट थांबायचं. नाहीतर मोटर तापते आणि नुकतीच भरलेली बॅटरी पुन्हा बसते.

तोवर अंगणात निदान करणारे जमले. पेट्रोल शिळं झालं. प्लग ओले झाले. उंदराने वायर खाल्ली. आणि सगळ्यांचं एकमत झालं ते आपल्याकडच्या रामबाण औषधावर : धक्का.

गाडी मारुतीच्या देवळापर्यंत ढकलत नेली. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गचका, इंजिन फिरतं, आणि परत मेल्यासारखं. देवळापासून परत येताना चढ. नऊ जण घामाघूम. आई चहा टाकत टाकत म्हणाल्या, “देवाच्या दारातून परत आणली, आता कुठी नेता?”

वेगळं दिसलेलं, म्हणून वेगळं लिहिते : चावी ‘ऑन’ला नेली की डॅशबोर्डवर इंजिन, ऑइल, बॅटरी असे दिवे लागतात. शिवाय एक छोटी चावीच्या आकाराची खूण आहे, ती लुकलुकत होती. बाकी दिवे स्थिर, ती एकटी लुकलुकत होती. याबद्दल अंगणातल्या कोणीच काही बोललं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीची पुस्तिका सापडली. कोपरे उंदराने खाल्लेले, पण हवं ते पान शाबूत होतं. लुकलुकणारी चावी म्हणजे गाडीने किल्ली ओळखली नाही.

दिवसभर वाचलं, दुपारी डोकं धरून बसले, संध्याकाळी एकदाचं उमगलं. माझ्या भाषेत लिहिते.

आपण जिला एक चावी म्हणतो त्या खरं तर एकाच कव्हरातल्या तीन चाव्या आहेत. पहिली लोखंडाची : ती दार उघडते, स्टिअरिंगचं कुलूप सोडते, गाडी सुरू करायचा खटका फिरवते. दुसरी बटणाची : तिला बटनासारखा गोल सेल लागतो, ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ संदेश पाठवते आणि दारं खट्ट करते. तिसरी दिसत नाही. कव्हरच्या आत एक इवलीशी चिप असते, तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. तिला सेल लागत नाही. खटक्याभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी ‘ऑन’ला गेली की ते बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडतं. त्या क्षेत्रातूनच चिपच्या आतल्या बारीक वेटोळ्यात विजेचा प्रवाह तयार होतो, चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा मी पोरांना डिसेंबरातच संपवला आणि माझ्या खिशात तो रोज फिरत होता.

ओळख पटली तरच इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. याला इमोबिलायझर म्हणतात. काही गाड्यांत स्टार्टरसुद्धा फिरत नाही. आमच्या गाडीत फिरतो, पण पुढचं काही होत नाही. म्हणून धक्का कुचकामी. धक्क्याने इंजिन फिरतं, आणि फिरण्याची अडचण आम्हाला नव्हतीच. नऊ माणसांनी मिळून स्टार्टरचं काम केलं, जे स्टार्टर आधीच नीट करत होता.

मामाजींना हे कसं सांगावं असा प्रश्न होता. आईंनी सोडवला. नव्या नवरीला दारात अडवतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, तसंच का? अगदी तसंच. सुरुवातीच्या चिपा दरवेळी एकच ठरलेला आकडा सांगायच्या, म्हणजे पाठ केलेला उखाणा. चोराने एकदा ऐकला की तोही म्हणू शकतो. नंतरच्या चिपांना गाडी दरवेळी नवीन आकडा देते आणि चिप तिच्याजवळच्या गुप्त किल्लीने त्याचं उत्तर काढते. गाडी तेच गणित स्वतः करून ताळा पाहते. पहिली ओळ सासरच्यांची, जुळवायचं नवरीने, आणि पहिली ओळ रोज वेगळी. हे सगळं डोळा लवायच्या आत.

मामाजी म्हणाले, “जीप मी पेचकसानं चालू करत होतो. दोन वायरी जोडल्या का झालं.” हो ना, आणि म्हणूनच चोरालाही व्हायचं. जर्मनीत १ जानेवारी १९९८ पासून नवीन गाडीला इमोबिलायझर सक्तीचा झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये. अभेद्य मात्र काहीच नाही : २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी तेव्हाच्या एका ४० बिटांच्या चिपचं गुपित फोडून दाखवलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाचलेलं खरं की खोटं हे तपासायचं तर चालू गाडी पाहिजे. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक सरांना त्यांच्या गाडीची चावी मागितली. सरांनी आधी कारण विचारलं, मग दुसऱ्यांदा कारण विचारलं, मग दिली.

चावीच्या डोक्याला ॲल्युमिनियम फॉइलचे पाच पदर घट्ट गुंडाळले, डब्यातल्या पोळ्यांचाच कागद. पातं तेवढं बाहेर. गाडी मैदानात, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. सरांनी चावी फिरवली. इंजिन फिरलं, पेटलं नाही. डॅशबोर्डवर चावीची खूण लुकलुकली. हुबेहूब आमच्या अंगणातला देखावा. फॉइल काढलं, पुन्हा फिरवली : पहिल्या झटक्यात चालू.

सर काही बोलले नाहीत. फॉइलचा तुकडा उचलून त्यांनी उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, “मॅडम, हा प्रयोग पुढच्या वर्षी इन्स्पेक्शनच्या दिवशी ठेवू.”

अनुमान : आमच्या गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल, प्लग सगळं ठीक असू शकतं. एक तर वेटोळं मेलं आहे किंवा चिप बोलत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चष्म्याच्या पेचकसाने चावी उघडली.

आत हिरवी पट्टी, तिच्यावर दोन बटणं, खाली गोल सेल. आणि कव्हरच्या कडेला, पातं जिथे बसतं त्याच्या शेजारी, एक चौकोनी खाच. बोटाच्या नखाएवढी. आत चकचकीत नवं प्लास्टिक आणि बाकी काही नाही.

मी ती खाच उदबत्तीच्या काडीने टोकरली. काही नाही. मग बरंच वेळ तिच्याकडे बघत बसले.

नवं प्लास्टिक! एवढ्या वर्षांच्या चावीचं प्लास्टिक नवं कसं?

भाऊजींना नागपूरला फोन. ते म्हणाले, हो, दिवाळीनंतर बटणाचं रबर फाटलं होतं म्हणून मोटरसायकलवर तालुक्याला नेऊन कव्हर बदलून आणलं, दोनशे रुपये लागले. पातंही नवीन कापून दिलं. गाडीवर लावून पाहिली का? “गाडी कोठ्यात होती न वहिनी, कापूस लागला होता. बटण चालू होतं.” बटण चालू होतं! तेव्हा बॅटरी अजून उतरली नव्हती, कोठ्याच्या दारातून खट्ट ऐकून ते समाधानाने नागपूरला गेले.

म्हणजे चावीवाल्याने हिरवी पट्टी नव्या कव्हरात टाकली आणि चिप जुन्या कव्हरात राहिली. तीन चाव्यांपैकी दोन घरी आल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

बसस्टँडसमोरचा चावीवाला भला माणूस आहे, पण मान्य करेना. “मॅडम, बटण चालते न? मंग चिप चालूच आहे.” मी चावी त्याच्यासमोर उघडली आणि रिकामी खाच दाखवली. त्याने ती दिव्याखाली धरली, नाक खाजवलं, आणि टेबलाखालून खोबरेल तेलाचा मोठा डबा काढला. त्यात जुनी कव्हरं. त्यातले स्क्रू आणि रबरं तो दुसऱ्यांना वापरतो. “शोधा. राह्यलं असन तं याच्यातच असन.”

पन्नास-साठ काळी कव्हरं असतील, सगळी एकसारखी. आमचं कोणतं? मी एकेक उघडायला लागले. मग लक्षात आलं की उघडायची गरजच नाही. दसऱ्याला मामाजी गाडीची पूजा करतात तेव्हा चावीलाही हळद-कुंकू लावतात, दहा वर्षं. ते पुसलं तरी फटीत राहतं. डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि लाल फटीचं कव्हर शोधलं. तळाशी होतं. बटणाच्या कडेने वाळलेल्या कुंकवाची गडद रेघ, आणि कडी अडकवायच्या भोकात हळदीचा पिवळा कण.

आत, खाचेत, काळा तुकडा. साधारण १२ मिलिमीटर लांब, ६ रुंद, ३ जाड, एका टोकाला तासलेला. चिंचोक्याच्या तुकड्यासारखा. हलवला तर हलेना, डिंकाने बसवलेला. चावीवाला म्हणाला, “हे तं मी प्लास्टिकचा टेकू समजलो होतो.” आणि लगेच डब्यातली बाकीची कव्हरं एकेक करून उघडायला बसला. आणखी दोन तुकडे निघाले. ते कोणाचे असतील ते असोत. त्यांच्याही अंगणात कोणीतरी धक्का मारत असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल दहावीचा मराठीचा पेपर, पर्यवेक्षणावरून घरी यायला उशीर. म्हणून आज.

चिप लगेच उखडून काढली नाही. आधी खात्री. जुनं कव्हर तसंच डाव्या हातात, खटक्याला टेकवून धरलं. उजव्या हाताने नवी चावी ‘ऑन’ला नेली. चावीची खूण एकदा लागली आणि विझली. लुकलुकली नाही. मी मोठ्याने “विझली!” म्हणाले आणि बाहेर मामाजींना वाटलं गाडी बंद पडली.

मग सगळं क्रमाने. अंगणात उघड्यावर. बॉनेटवर दोन थापा, उंदीर-मांजर असेल तर पळू दे. खाली वाकून टायरमागे कोंबडी, छकुली, काही नाही ना. हँडब्रेक, गिअर न्यूट्रलला, तरी क्लच पूर्ण दाबून. ‘ऑन’वर दोन सेकंद थांबले, मागे टाकीत पेट्रोल पंपाची बारीक घूं ऐकू आली आणि थांबली. ॲक्सिलरेटरला पाय नाही. चावी पुढे.

दुसऱ्या प्रयत्नात पेटली. आधी खोकली, मग स्थिरावली. ऑइलचा लाल दिवा विझला, बॅटरीचा विझला. ऑइलचा दिवा लागून राहिला असता तर तिथल्या तिथे बंद करायची होती. चालू इंजिनवर बॅटरीला मल्टिमीटर लावला : १४.१ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय.

दुपारी चिप ब्लेडने अलगद सोडवून नव्या कव्हराच्या खाचेत बसवली, कणभर डिंक. पुन्हा चालू करून पाहिली. जुनं कव्हर मामाजींनी मागून घेतलं आणि देवघरात ठेवलं. का ते मी विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

चिप एकच, चावी एकच, म्हणजे पुन्हा हरवली की गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. काल जिल्ह्याच्या वर्कशॉपमध्ये दुसरी चावी करून घेतली. आरसी बुक, आधार कार्ड, जुनी चावी आणि गाडी, चारही लागतात. खर्च साडेचार हजार. मामाजींचं सकाळपासून एकच : “बाजारात शंभर रुपयात होते.” होते, पण ती दार उघडणारी. जिला पुढे बोलता येत नाही.

बघण्यासारखं काम होतं. पोराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खुपसली, लॅपटॉपवर गाडीचा सुरक्षा कोड टाकला, मग एकेक चावी ‘ऑन’ला नेऊन गाडीला ‘दाखवली’. तेव्हा जी चावी समोर नसते ती गाडीच्या यादीतून जाते. म्हणजे लग्नात हरवलेली चावी आता कोणाच्या हाती लागली तर तो दार उघडेल, सीटवर बसेल, इंजिन फिरवेलही. चालू होणार नाही. पण टो करून नेली तर चिप काय करणार? रात्री कोठ्याला कुलूप लागतंच.

विमा एजंटचं म्हणणंही लिहून ठेवते : गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एकच दिली की प्रश्न सुरू होतात. चावी हरवली तर पोलीस ठाण्यात नोंद करून कागद जपायचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही फक्त काकाजींना शोधलं.

तिथेच आठवलं, १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे नवी नंबरप्लेटही लावायची आहे. ती एकदा काढली की परत बसत नाही अशा कुलपाची असते. हे वेगळं प्रकरण, वेगळ्या पानावर.

८ मार्च, शनिवार

सकाळी चावी फिरेचना. लोखंडी चावीच फिरेना. घरात लगेच “चिप गेली”. चिपचा काही संबंध नव्हता. काल उतरताना मी स्टिअरिंगला धरून उठले होते, त्याला कुलूप बसलं. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवत चावी फिरवली, सुटली. चिपेचं नाव एकदा घरात आलं की प्रत्येक दुखणं तिच्या माथी.

मामाजी शेजारी बसतात. परवाना त्यांचा, ड्रायव्हिंग माझं, डोळे आता दोघांचे. एक जुनी सवय मात्र मोडायला सांगितली. ते उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी बंद करायचे आणि कधी कधी चावी मागे आणायचे. ‘लॉक’ला जाऊन चावी निघाली की स्टिअरिंगला कुलूप बसू शकतं, तेही चालत्या गाडीत. शिवाय इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर साठलेल्या निर्वातावर एक-दोन दाबांपुरता उरतो, पुढे पायात दगड. “तीस वर्षं केलं, काही नाही झालं,” म्हणाले. मग पुढच्या उतारावर माझ्या हाताकडे लक्ष ठेवून बसले.

१६ मार्च, रविवार

सुरू करायचा क्रम जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने लिहून कोठ्याच्या दाराला आतून लावला. भाऊजी, हे, मी, जो कोणी चालवेल त्याच्यासाठी. गाडी आधी कोठ्याबाहेर ढकलायची, मग सुरू करायची. कापूस जाईपर्यंत हा नियम. छकुलीला गाडीत ठेवून चावी लावून कोणी उतरायचं नाही. सकाळी पाच मिनिटं उभी गुरगुरत ठेवायची गरज नाही, अर्धा मिनिट पुरे, मग हळू निघायचं.

संध्याकाळी पाहिलं तर कागदाच्या डोक्यावर मामाजींच्या अक्षरात एक ओळ वाढली होती, निळ्या पेनाने, रेघा सोडून : ‘आधी बोनटावर थाप. उंदीर पाहणे.’

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

कापूस मंगळवारी गेला. भाव काय मिळाला ते मामाजी सांगत नाहीत, म्हणजे समजलं.

काल सकाळच्या शाळेला गाडी नेली, शेजारी मामाजी. जाताना एसटी समोरून आली. पक्क्या परवान्याची टेस्ट पुढच्या आठवड्यात. आज दुपारी ऊन इतकं की बॉनेटला हात लावता येईना. उन्हाळ्यात बॅटरी लवकर म्हातारी होते, तेव्हा महिन्याला एकदा मल्टिमीटर लावायचा, पुढची तारीख ३० एप्रिल.

गुढीला लावलेलं हळद-कुंकू मामाजींनी दोन्ही चाव्यांना लावलं. नवीन चावीच्या फटीत ते नीट बसेना, तर त्यांनी बोटाने दाबून बसवलं.

खर्च : चार्जिंग १००, चावी ४५००, चावीवाल्याला चहा २०. बाकी : हॉर्नची वायर.